अकीक : एक तांबडे रत्न

'रत्न' हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे हिरा, माणिक, पाचू अशी राजदरबारी मंडळी उभी राहतात. आज आम्ही ज्या दगडाचा परिचय करून देणार आहोत तो त्या पंक्तीत बसणारा नव्हे. नवरत्नांच्या यादीत त्याला स्थान नाही. रत्नपारखी त्याला उपरत्न म्हणतात. चांदीच्या अंगठीत, कानांतल्या फुलांत, ताइतात, जपमाळेत आणि मण्यांच्या साध्या सरात तो आढळतो आणि सामान्य कुटुंबाला परवडतो. त्याचा रंग नारिंगीपासून गडद तांबड्यापर्यंत असतो व उजेडासमोर धरिला असता तो मावळत्या सूर्यबिंबासारखा आतून उजळल्याचा भास होतो. या दगडास अकीक म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी असून आपल्या भाषेत तो फार दिवसांपासून रुळला आहे. इंग्रजी पुस्तकांत यालाच कार्नेलियन म्हटलेले आढळेल.

या दगडाविषयी एकच प्रश्न हाती धरून आपण पुढे जाऊ. तो प्रश्न असा की, अकीकाचा तांबडा रंग येतो तरी कोठून? वरवर पाहता हा प्रश्न सोपा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता आपणास आधी भूगर्भात, मग भट्टीपाशी आणि शेवटी कारागिराच्या ओट्यावर जावे लागते.

जात व गुणधर्म.— प्रथम अकीकास त्याच्या भाईबंदांपासून वेगळा ओळखला पाहिजे. तांबडे ते सारे माणिक, अशी पुष्कळांची समजूत असते. माणिक हे अल्युमिनियम व प्राणवायू यांच्या संयोगाने बनते, आणि त्यात अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या क्रोमियम धातूमुळे त्यास लाली येते. पोवळे हा तर दगडच नव्हे. समुद्रातील लहान प्राण्यांनी रचलेला तो चुनखडीचा सांगाडा होय. म्हणूनच आम्लाचा थेंब पडताच त्यावर बुडबुडे उठतात. अकीक या दोहोंहून निराळा आहे. तो गारेच्या कुळातला आहे. वाळूचा कण ज्या द्रव्याचा, त्याच सिलिकेचा अकीक बनलेला असतो. मात्र त्यातील स्फटिक इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, आणि त्यामुळे दगड काचेसारखा पारदर्शक न होता अर्धपारदर्शक राहतो.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाचे १० अंकांचे माप ठरविले. त्या मापावर हिऱ्याचा अंक १०, माणकाचा ९ आणि अकीकाचा साडेसहा ते सात असा येतो. साध्या काचेचा अंक सुमारे साडेपाच असल्यामुळे अकीकाने काचेवर ओरखडा उठतो, पण काचेने अकीकावर उठत नाही. दागिना म्हणून नित्य वापरण्यास हा कठीणपणा पुरेसा होतो.

भूगर्भातील जन्म.— आता रंगाच्या पहिल्या उगमाकडे वळू. मुरबे-सातपाटीपासून तारापूर-डहाणूपर्यंतच्या आपल्या मुलखात जो काळा कातळ जागोजाग दिसतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हारसाचा थिजलेला थर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि त्याला लागून असलेला गुजरात व मध्य प्रदेश यांचा मोठा प्रदेश मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमीवर हे थर आजही पसरलेले आहेत. लाव्हारस थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच कोंडले गेले आणि कातळात लहानमोठ्या पोकळ्या राहिल्या. पुढे दीर्घकाळ या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका थरावर थर बसत गेली आणि पोकळी भरून एक गोटा तयार झाला. गोट्यात निरनिराळ्या रंगांचे पट्टे उमटले तर त्यास अगेट म्हणतात. पट्टे नसून सर्वत्र एकसारखी पिवळट-तांबूस छटा असली, तर तोच अकीकाचा कच्चा माल होय.

ही छटा लोखंडाची असते. समुद्रकाठच्या आम्हा लोकांस लोखंडाचा गंज काय चीज आहे हे सांगावयास नको. होडीच्या खिळ्यांना आणि नांगराला तो किती लवकर चढतो हे मुरब्याच्या प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. तशाच प्रकारचे लोखंडाचे अंश पाण्याबरोबर या गोट्यांत शिरले व तेथेच राहिले. परंतु खाणीतून काढलेला गोटा क्वचितच सुंदर तांबडा असतो. बहुधा तो मळकट पिवळा, राखी किंवा तपकिरी दिसतो. वाटेत पडलेला आढळला तर त्याला उचलण्याचीही कोणास इच्छा होणार नाही.

रतनपूरच्या खाणी.— असे गोटे पूर्वापार जेथून निघत आले, ते ठिकाण आपल्यापासून फार दूर नाही. पश्चिम रेल्वेने बोईसरहून उत्तरेकडे निघाले असता वापी, सुरत ही स्थानके मागे टाकून आपण नर्मदेच्या काठी भरूच येथे पोहोचतो. त्याच जिल्ह्यात, राजपिपळ्याच्या डोंगरांच्या बाजूस, झगडियाजवळ रतनपूर नावाचे गाव आहे. मूळ कातळ झिजून त्यातील गोटे पुरातन काळी पाण्याने वाहून येथे एकत्र साचले. त्या साचलेल्या थरांत खड्डे खणून ते बाहेर काढीत. जवळच्या टेकडीवर बाबा घोर यांचे स्थान आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांचे ते पूज्य पुरुष असून अकीकाच्या धंद्याशी त्यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. पोर्तुगीज प्रवासी ड्वार्त बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी या भागातील लिमोद्रा गावाचे वर्णन केले आहे. येथील दगड अग्नीत घालून अधिक तांबडा करितात, हेही त्याने नमूद केले आहे.

अग्नीचे कार्य.— हाच रंगाचा दुसरा उगम होय. वीटभट्टी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. भट्टीत रचलेली कच्ची वीट पिवळट-तपकिरी असते आणि भाजून निघालेली वीट तांबडी असते. वीट रंगविण्यास तर कोणी गेलेले नसते. मग हा फरक कशाने पडतो? मातीतील लोखंडाच्या गंजात पाण्याचा अंश बांधलेला असतो. तो अंश उष्णतेने निघून जातो आणि गंजाचे रूपांतर लोखंडाच्या तांबड्या प्राणिदात होते. अकीकाच्या गोट्यात नेमके हेच घडते. वीट आणि रत्न यांच्या लालीचे कारण एकच आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

रतनपूरचे गोटे जेथे जातात ते खंबायत हे गाव गुजरातेत, मही नदीच्या मुखाशी वसलेले जुने बंदर आहे. तेथील पारंपरिक रीत अशी की, गोटे प्रथम कित्येक दिवस उन्हात पसरून वाळवावयाचे, अधूनमधून त्यांची बाजू पालटावयाची, नंतर ते मातीच्या मडक्यांत भरून गोवऱ्यांच्या मंद आगीत रात्रभर तापवावयाचे आणि आपोआप निवू द्यावयाचे. येथे उतावीळपणा उपयोगी पडत नाही. आच एकदम वाढली तर आतील ओलाव्याची वाफ होऊन गोटा तडकतो व सर्व मेहनत वाया जाते. मनाजोगा रंग येईपर्यंत हीच क्रिया पुनःपुन्हा करावी लागते. तापविल्याने रंगाबरोबर दुसराही लाभ होतो. दगड किंचित ठिसूळ होऊन त्याचे छिलके सफाईने निघू लागतात.

कारागिराचे हात.— रंग आला म्हणजे दागिना झाला असे नव्हे. खंबायतचा कारागीर जमिनीत एक टोकदार लोखंडी खुंटी तिरपी रोवतो, दगड तिच्या टोकावर टेकवून धरितो आणि दुसऱ्या हातातील म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने त्यावर हलकेच आघात करितो. शिंग लोखंडापेक्षा मऊ असल्यामुळे दगडाचा चुरा न होता लहान लहान कपचे उडतात आणि मण्याचा ओबडधोबड आकार तयार होतो. नंतर तो फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करितात. मग भोक पाडण्याचे नाजूक काम येते. दोरीच्या कमानीने फिरणाऱ्या गिरमिटाच्या टोकाशी हिऱ्याच्या अगदी बारीक कण्या बसविलेल्या असतात, कारण अकीकाहून पुष्कळ कठीण असा पदार्थ त्यासाठी लागतो. भोक अर्धे एका बाजूने व अर्धे दुसऱ्या बाजूने पाडून मध्ये मिळवितात. अखेरीस मण्यांना झिलई देतात. पूर्वी त्यासाठी कातड्याच्या पिशवीत मणी व दगडाची भुकटी घालून दोन माणसे ती कित्येक दिवस मागेपुढे लोळवीत असत. आता विजेने फिरणारी पिंपे ते काम करितात.

आपल्या चिंचणी-तारापूरच्या बाजूस दागिन्यांचे डाय, म्हणजे पोलादी ठसे, कोरणारे कारागीर आहेत. केसाएवढी रेघ चुकली तर ठसा फुकट जातो, हे ज्यांच्या घरी ठाऊक आहे, त्यांना या मणी घडविणाऱ्याच्या हाताची किंमत अधिक लवकर कळेल.

प्राचीन परंपरा.— ही विद्या आजकालची नाही. गुजरातेतील लोथल येथील उत्खननात सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा मणी बनविण्याचा कारखानाच सापडला. सिंधू संस्कृतीचे कारागीर अकीकाचे बोटाहूनही लांब मणी करीत. असा एक मणी आरपार भोकण्यास कित्येक दिवसांचे काम लागे, असे आधुनिक संशोधकांनी तशाच गिरमिटांनी प्रयोग करून दाखविले आहे. हे मणी समुद्रमार्गे दूरदेशी जात. इराकमधील ऊर या प्राचीन नगरीची राजघराण्याची स्मशानभूमी लेनर्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळातील उत्खननात उघडकीस आणिली, तेव्हा तेथील अलंकारांत सिंधू प्रदेशातून गेलेले अकीकाचे मणीही मिळाले. त्यांपैकी काहींवर पांढरी नक्षी होती. ही नक्षी कशी काढीत असतील याचा उलगडा अर्नेस्ट मॅके यांना सिंधमधील सेहवान येथील एका वृद्ध कारागिराकडून झाला आणि १९३३ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. धुण्याचा सोडा एका झुडपाच्या चिकात कालवून त्याने मण्यावर रेघा काढावयाच्या व मणी तापवावयाचा. रेघांच्या ठिकाणी पांढरा रंग कायमचा बसतो.

आपल्या महाराष्ट्रातही अकीकाचे मणी जुनेच आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तेथे राहणारे शेतकरी अकीकाचे मणी वापरीत असत, असे त्यावरून आढळून आले. त्यानंतरच्या सातवाहन काळातील पैठण व तेर ही नगरे मण्यांसाठी प्रसिद्ध होती. इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नामक ग्रंथात नोंद केली आहे की, पैठणाहून या जातीचा दगड पुष्कळ प्रमाणात भरूच बंदरास नेत असत. त्याच ग्रंथात भरूचच्या दक्षिणेकडील बंदरांत आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्याचे व कल्याणचेही नाव येते. भरूच व सोपारा या दोन बंदरांच्या मध्ये आपला किनारा आहे. नकाशा उघडून पाहिल्यास, आज मुरब्याच्या होड्या ज्या पाण्यात जाळी टाकितात, त्याच बाजूने हा व्यापार चालत असला पाहिजे, हे विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानात येईल.

अलंकारांतील उपयोग.— अकीक पारदर्शक नसल्यामुळे हिऱ्यासारखे पैलू पाडून तो विशेष खुलत नाही. म्हणून अंगठीचा खडा करिताना त्याची पाठ सपाट व माथा घुमटासारखा गोल ठेवितात. प्रकाश आत शिरून पसरतो आणि खडा दिव्यासारखा भासतो. त्याचा दुसरा पुरातन उपयोग मुद्रेसाठी होता. तापलेले मेण अकीकाला चिकटत नाही व त्यावर कोरलेली अक्षरे झिजत नाहीत; म्हणून रोमन लोक पत्रावर मोहोर उठविण्याच्या अंगठ्यांत हाच दगड पसंत करीत. मुसलमान बांधवांत अकीकाच्या अंगठीस मान आहे. यहुदी महायाजकाच्या ऊरपटावरील १२ रत्नांपैकी पहिले रत्न याच जातीचे असावे, असे अनेक अभ्यासक मानितात.

या दगडाने राग शमतो, दृष्ट लागत नाही, रक्त शुद्ध होते, अशाही समजुती आहेत. त्यांना शास्त्रीय आधार नाही. आवडला म्हणून अकीक अवश्य वापरावा. परंतु दुखण्यावर औषध म्हणून कोणी तो विकू लागल्यास पालकांनी ते पैसे वैद्याकडे जाण्यासाठी राखून ठेवावेत.

खरेदी करिताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. जर्मनीतील ईडार येथील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात साध्या अगेटाला रासायनिक द्रावणात भिजवून व तापवून तांबडा करण्याची कला पूर्णत्वास नेली, आणि आज बाजारात अकीक म्हणून मिळणारा पुष्कळसा माल अशा रीतीने रंगविलेला असतो. तो दगड खोटा नसतो, परंतु त्याचा रंग दिलेला असतो, आणि विकणाऱ्याने हे सांगणे प्रामाणिकपणाचे होय. काचेचा खडा मात्र सर्वस्वी नकली. भिंगातून पाहिल्यास काचेत बहुधा गोल बुडबुडे दिसतात, तर अकीकात ढगांसारख्या कमीअधिक गडद छटा दिसतात.

न लिहिलेली किंमत.— येथवर रंगाचे भूमी आणि अग्नी हे दोन उगम आपण पाहिले व तिसरा जो कारागीर त्याचेही कौशल्य पाहिले. आता जी गोष्ट सांगावयाची ती सुखाची नाही. तथापि ती वगळून हा पाठ पुरा होणार नाही.

अकीक म्हणजे सिलिका हे आपण आरंभी पाहिले. फिरत्या चाकावर तो कोरडाच घासला असता सिलिकेची धूळ उडते. तिचे जाड कण खाली बसतात. परंतु सर्वांत बारीक कण, जे डोळ्यांना दिसतही नाहीत, ते श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. तेथून ते बाहेर पडत नाहीत. त्यांच्या भोवती फुप्फुसाचा मऊ भाग व्रणासारखा कठीण होऊ लागतो. आधी कोरडा खोकला, मग चालताना दम लागणे, मग बसल्या जागी धाप, असा हा रोग वाढत जातो. यास सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस परत आणणारे औषध अद्याप नाही, आणि अशा रुग्णास क्षयाची बाधाही लवकर होते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक-कामगारांची तपासणी केली असता त्यांच्यात हा रोग आढळून आला. घासण्याचे काम बहुतेक घरांतच किंवा घराच्या ओट्यावर चालते. त्यामुळे चाकापाशी बसणाराच नव्हे, तर जवळ स्वयंपाक करणारी गृहिणी आणि अंगणात खेळणारे मूलही तीच हवा घेते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगसूचीत सिलिकोसिसचे नाव होते. परंतु घरच्या ओट्याला कारखाना कोण म्हणणार? खंबायतच्या अगेटांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि दगडाच्या नावाचे कायद्याने रक्षण झाले. तो दगड घासणाऱ्याच्या श्वासाचे रक्षण मात्र तितके सोपे ठरले नाही.

उपाय मुळीच नाहीत असेही नाही. चाकावर पाण्याची धार ठेविल्यास धूळ पुष्कळ कमी उडते. धूळ उडता क्षणीच खेचून घेणारी नळी व पंखा चाकापाशी बसविता येतो; अशी योजना वरील संस्थेने तयारही केली. तोंडाला साधे फडके बांधून हे बारीक कण अडत नाहीत, त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटाच हवा. परंतु या सर्वांना पैसा लागतो, देखभाल लागते आणि कामाचा वेग थोडा मंदावतो. मजुरी नगावर मिळत असेल तर गरीब माणूस आजचा वेग सोडण्यास धजत नाही, आणि उद्याचा श्वास गमावून बसतो.

आम्ही हे मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे. आपल्या शाळेतील कित्येक मुलांचे वडील व थोरले भाऊ बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कामास जातात. काहींची मंडळी दगडाच्या खाणीवर किंवा खडी फोडण्याच्या यंत्रावर राबतात. उद्या तुमच्यापैकीही काहीजण जातील. जेथे दगड, वाळू वा काच कोरडी घासली, कापली किंवा फोडली जाते, तेथे हीच धूळ उडते. काम सुरू करण्यापूर्वी 'येथे पाणी मारण्याची व्यवस्था आहे काय? धूळ ओढणारा पंखा आहे काय? मुखवटा मिळेल काय?' असे विचारणे हा भित्रेपणा नव्हे. आणि पालकांनीही घरच्या माणसाचा खोकला काही आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर 'धुळीचा आहे, जाईल' असे म्हणून स्वस्थ न बसता डॉक्टरांना दाखवावे, व तो कोणते काम करितो हे त्यांना आवर्जून सांगावे. कारण कामाची माहिती नसली तर हा रोग नुसता क्षय समजला जाण्याचा संभव असतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर आता पूर्ण झाले. अकीकाचा तांबडा रंग लोखंडाचा आहे. तो अग्नीने खुलतो. आणि घासणाऱ्या हाताने तो आपल्या बोटापर्यंत पोहोचतो. लाल खड्याची अंगठी यापुढे कोणाच्या बोटात दिसली तर विद्यार्थ्यांनी ती उजेडासमोर धरून त्यातील छटा अवश्य पाहाव्यात, ती खरी की रंगविलेली याचा तर्क करावा, आणि घरच्यांना वीटभट्टीचे उदाहरण देऊन रंगाचे कारण समजावून सांगावे. त्याच बैठकीत त्या चाकापाशी बसलेल्या माणसाचीही हकीकत सांगावी, अशी आमची त्यांना विनंती आहे.